बसता कसं?

आमच्या माधवनगरात दोन माणसं रस्त्यात भेटली की 'कसं काय?' म्हणतात. महालिंगअण्णा शेटे तसं म्हणत नसे. तो समोरच्याच्या तोंडाकडं न बघता कमरेखाली बघायचा आणि विचारायचा, "बसता कसं?"

नवखा माणूस दचकायचा. एकदा बदली होऊन आलेल्या फौजदाराला त्यानं भर चौकात हेच विचारलं. फौजदाराला मूळव्याध होती. ही बातमी ठाण्याबाहेर गेली कशी, याची चौकशी पुढं आठवडाभर चालू होती.

मी थोडं वाढवून सांगतो, अशी माझी ख्याती आहे. त्याला इलाज नाही. अण्णाच्या कारखान्यासमोर माझं मोटर रिवायंडिंगचं दुकान. जळक्या मोटरीला तांब्याची तार गुंडाळण्यात जन्म गेला, त्यामुळं गोष्टीलाही चार वेढे जास्त पडतात. तेवढे सोडवून घ्या. आतला गाभा अस्सल आहे.

अण्णा लाकडी खुर्च्या करायचा. म्हणजे लोक त्याला लाकडी सामान म्हणायचे, पुण्याचे आर्किटेक्ट त्याला 'कंटेम्पररी' म्हणायचे आणि त्याची बायको गंगावहिनी त्याला 'यांचं खूळ' म्हणायची. खुर्ची करायची तर आधी माणूस बसतो कसा हे कळलं पाहिजे, असं अण्णाचं म्हणणं.

"तोंड खोटं बोलतं गड्या, बूड बोलत न्हाई," तो मला सांगायचा. "हेडमास्तर बघ. खुर्चीच्या काठावर बसतोय. कवा उठाया लागंल सांगता येत न्हाई म्हनून. जन्मभर इन्स्पेक्शनची भीती. आनि त्यो सोसायटीचा चेरमन? त्याला खुर्ची न्हाई, गादीचं दुकान पायजे."

"आनि मी रं अण्णा?"

"तू बसतच न्हाईस, दिनू. तू खुर्चीला लोंबतोस."

जन्मतः अण्णा असा नव्हता. वडलांच्या हाताखाली तो लग्नात द्यायची कपाटं, पलंग, आरशाची टेबलं करायचा. प्रत्येकावर मोर. सांगलीपासून म्हसवडपर्यंत अशी एक नवरी नसेल, जिनं शेट्यांच्या मोराकडं बघत भांग पाडला नाही. मग त्याचा फौजेतला मावसभाऊ चंदीगडला होता, त्याच्याकडं अण्णा महिनाभर राहून आला. तिथं म्हणे अख्खं शहरच कुणीतरी पट्टी लावून आखलंय. कचेऱ्या सिमेंटच्या, उघड्या, रंग नाही की नक्षी नाही. आणि त्या कचेऱ्यांत साध्या सागवानी खुर्च्या, उलट्या कात्रीसारख्या पायांच्या. बाकीची माणसं तिकडून स्वेटर आणतात. अण्णानं डोक्यात कोन आणले.

आला तो पिशवी खाली न ठेवता कारखान्यात शिरला. पाटलांच्या पोरीच्या लग्नाचं कपाट तयार उभं होतं. करवत घेतली आणि एकेक मोर उतरवला. मोरांचं पोतं भरलं. त्यावर वहिनींनी लग्न होईस्तोवर आंघोळीचं पाणी तापवलं. कपाटावर अण्णानं लाल, पिवळे, निळे चौकोन लावले, मध्ये काळ्या पट्ट्या. असली चित्रं कुणा परदेशी चित्रकारानं काढली होती, ती त्यानं तिथं पुस्तकात बघितली होती. रुखवतात कपाट मांडलं तेव्हा नवऱ्याकडच्या पोरांनी ते आडवं पाडलं आणि त्यावर सोंगट्या मांडल्या. वरमाई म्हणाली, "कपाट कवा येनार?"

अण्णा खचला नाही. त्याचं एक पालुपद होतं: "लाकूड बघू नका. रिकामं बघा." दोन पट्ट्यांच्या मध्ये जी फट सुटते, तीच खरी खुर्ची, लाकूड नुसतं तिला धरून ठेवायला. फलटणचा एक बागायतदार नव्या बंगल्यासाठी सामान बघायला आला होता. त्याला अण्णानं तासभर फटी दाखवल्या. तो बिचारा जाताना मला म्हणाला, "पाव्हनं, रिकामंच बघायचं तर घर मोकळं काय वाईट हुतं?"

पण पुण्याच्या आर्किटेक्ट लोकांना त्या फटींचं वेड लागलं. अण्णाच्या खुर्च्या टेम्पोनं पुण्याला जायला लागल्या. त्या खुर्चीचं नाव होतं 'गंगा'. पहिली गंगा, मग जरा बुटकी गंगा, मग हात नसलेली गंगा. बायकोच्या नावानं तो एकामागून एक खुर्ची करत सुटला होता, कारण त्याची एकच इच्छा होती. गंगावहिनींनी खुर्चीवर बसावं. आणि गंगावहिनी बसत नव्हत्या. अर्ध्या पुण्यानं गंगेवर बूड टेकलं, गंगा मात्र भुईवर.

त्यांची जागा ठरलेली. कारखान्याच्या मागं घर, आणि दोन्हींच्या मधल्या दाराशी त्या बसायच्या. चौकटीला पाठ, एक गुडघा वर, अंग जरा डावीकडं रेललेलं, पुढ्यात तांदळाचं ताट. दारातनं उन्हाची एक पट्टी यायची, तेवढीच त्यांना निवडायला पुरायची. गिऱ्हाईक खुर्ची बघता बघता मागं सरकायचं, पट्टी झाकायचं. वहिनी वर न बघता म्हणायच्या, "उजेड सोडा." आर्किटेक्ट असो, आमदार असो, "उजेड सोडा." माणूस टुणकन बाजूला व्हायचा. मी तर म्हणतो, ढगालासुद्धा त्या तसंच म्हणत असणार. माधवनगरात पाऊस कमी उगीच नाही.

"अगं, एकदा बसून तर बघ," अण्णा म्हणायचा.

"पाय लोंबकळत्यात. जिवाला थारा वाटत न्हाई."

"बुटकी केलीया."

त्याच्या समाधानासाठी त्या खुर्चीवर चढायच्या आणि चढल्या चढल्या मांडी घालायच्या. अण्णा किंचाळायचा. "मांडी न्हाई! खुर्चीत मांडी घालायची न्हाई! खुर्चीचा आपमान हाय!"

"मग पाय काढा की तिचं," वहिनी खाली उतरत म्हणायच्या. "पाय काढा, पाठ ऱ्हाऊ द्या. मी बसती."

"पाय काढल्यावर उरलं काय? पाट! पाट कराया मी चंदीगडला गेलो हुतो व्हय?"

हे भांडण मी वर्षानुवर्षं समोरच्या दुकानातनं ऐकलं. मोटर दुरुस्त झाली की नाही हे बघायला आलेली माणसंसुद्धा ते संपेपर्यंत थांबायची.

एक दसरा मात्र सांगितलाच पाहिजे. आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस गेला की आडवा नेत नाहीत. त्याला मांडी घालून बसवतात, उंच पाठीच्या, खुर्चीसारख्या विमानात. हारफुलं घालतात, भजन म्हणत नेतात आणि मातीत बसलेलाच ठेवतात. हे अण्णाला जन्मापासून ठाऊक. पण कलाकाराला ठाऊक असलेलं आठवतंच असं नाही. त्या वर्षी त्यानं पुरुषभर उंच पाठीची खुर्ची केली, नुसत्या उभ्या पट्ट्यांची. खंडेनवमीला करवती, रंधे पुजले आणि दसऱ्याच्या सकाळी मोठ्या हौसेनं ती खुर्ची दुकानापुढं रस्त्यावर मांडली. झेंडूचे हार घातले. दोन्ही बाजूंना उदबत्त्या. खुर्ची रिकामी.

पहिल्यांदा एका म्हातारीनं हात जोडले. मग सायकली थांबल्या. चपला काढून माणसं उभी राहिली. "कोन गेलं?" "अण्णा गेला जनू." "आता कालच तर मला बसता कसं इचारलं." कोपऱ्यावरच्या भजनी मंडळानं टाळ आणले. मठातले स्वामी यायला निघाले. मिरजेहून वहिनींचा भाऊ शिवाप्पा रिक्षातनं रडतच उतरला, हातात नारळ आणि कापड. तेवढ्यात अण्णा आंघोळ करून, नवा सदरा घालून बाहेर आला आणि म्हणाला, "या की पाव्हनं. बसता कसं?"

शिवाप्पा मटकन खालीच बसला. स्वामींनी, आलोच आहे तर, असं म्हणून दोन पेढे खाल्ले. आणि गंगावहिनी दाराशी तोंडाला पदर लावून हसत होत्या. इतक्या हसल्या की ताटातले तांदूळ सांडले. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "आता ऐका. असल्या खुर्चीवर मी एकदाच बसनार. आनि तवा मांडी घालूनच बसनार. आनि तुमी मला 'बसतीस कशी' इचारायचं न्हाई."

सगळे हसले. मीही. माझं हसू सगळ्यात मोठं होतं, कारखान्याचा पत्रा वाजला.

मागच्या वर्षी वहिनी आजारी पडल्या. मिरजेला मोठं ऑपरेशन झालं. घरी आणलं तेव्हा त्या निम्म्या झाल्या होत्या. डॉक्टरनं निक्षून सांगितलं, खाली बसायचं नाही, खुर्चीवरच बसवा.

मला वाटलं, आता अण्णा जिंकला. त्यानं नवी गंगा केली. आयुष्यातली सगळ्यात चांगली. शिसवीचे पाय, सागवानी बैठक, पाठीच्या पट्ट्या वहिनींच्या मणक्याला बेताच्या वाकवलेल्या. हातानं घासून घासून लोण्यासारखी मऊ केली. दाराशी, त्यांच्याच जागेवर ठेवली. वहिनींना उचलून बसवलं. मी बघायला गेलो. बसल्या होत्या. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर, पाय पुढं, पावलं जमिनीला जेमतेम टेकलेली. एसटीच्या स्टँडवर ओळख नसलेल्या गावाला निघालेल्या बाईसारख्या.

"वैनी, शेवटी बसलासा म्हना की," मी उगीच मोठ्यानं म्हणालो.

त्या म्हणाल्या, "दिनूभावजी, हितनं ताट लांब पडतंय ओ."

अण्णा मला बाहेर घेऊन आला. रस्त्यावर आल्यावर म्हणाला, "ती बसली न्हाई गड्या. तिला ठेवलीया."

त्यानं उंची बदलली. पायाखाली चौरंग दिला. मांडीवर ताट राहावं म्हणून फळी बसवली. आणि वहिनी रोज एकदा, पूर्वीसारखं चिडवून नव्हे, अगदी हळू म्हणायच्या, "आवं, पाय काढा की हिचं. भुईवर घ्या मला."

"डाक्टर नगं म्हनलाय."

"डाक्टरला काय कळतंय बसायचं? तुमीच म्हनता."

"बरी हो," अण्णा म्हणायचा. "बरी झालीस की काढतो."

त्या बऱ्या झाल्या नाहीत. एका सकाळी, दुकानांची शटरं उघडायच्या आधी, गेल्या. खाटेवर.

फोन करायचं काम माझ्याकडं आलं. शिवाप्पाला लावला. मी सांगितलं तर तो पलीकडनं म्हणाला, "दसरा हाय व्हय रं आज?" मी परत तेच सांगितलं, एकही वेढा न घालता. तेव्हा त्याला कळलं.

अण्णाची पोरगी उमा फलटणला दिलेली. ती येईपर्यंत थांबायचं होतं. अंगणात माणसं जमली, शिवाप्पानं मठातलं विमान आणवलं, बायका हारांना बसल्या. आणि कारखान्यातनं करवतीचा आवाज यायला लागला.

माणसं एकमेकांकडं बघायला लागली. "याड लागलं का काय?" शिवाप्पा तावातावानं उठला. "मड्याला हात लावाया मानसं थांबल्यात आनि ह्यो कामाला बसलाय!" मी त्याला खाली बसवलं आणि आत गेलो.

बाकावर नवी गंगा पालथी घातलेली होती, चारी पाय वर. अण्णा हातकरवत चालवत होता. बाजूला कुणीतरी चहाचा कप आणून ठेवला होता.

"अण्णा, मानसं जमल्यात."

"हिकडनं धर. हालतीया."

मी धरली.

"मठातलं विमान आलंय रं."

"त्यात आजवर कोनबी बसल्यालं हाय. ते सगळ्यांच्या मापाचं. म्हंजे कुनाच्याच न्हाई."

एक पाय पडला. दुसरा पडला. डाव्या बाजूला त्यानं करवत जरा तिरकी धरली.

"हिकडं उतरतं पायजे. ती डावीकडं रेलती," तो म्हणाला.

चौथा पाय पडला. अण्णानं खुर्ची सुलट करून जमिनीवर ठेवली. बैठक भुईला टेकलेली, पाठ तेवढी उभी. त्यानं भुसा फुंकला, तळव्यानं बैठक पुसली. मग चहाच्या कपाला बोट लावून बघितलं.

"एवढंच मागत हुती गड्या," तो म्हणाला. "किती येळ लागला? च्या निवला न्हाई अजून."

मी भुशातनं चारी पाय गोळा केले आणि बाजूला ठेवले.

दुपारी उमा आली. वहिनींना नवं लुगडं नेसवलं, कपाळाला विभूती लावली आणि त्या पाय नसलेल्या खुर्चीत मांडी घालून बसवलं. खांदा द्यायच्या बांबूंवर ती बैठक नीट बसली, दोरानं आवळली. पट्ट्या त्यांच्या पाठीला अशा लागल्या की मागं चौकटच आहे. डोकं आपसूक डावीकडं कललं. हारांना बसलेल्या बायकांतली एक म्हातारी म्हणाली, "आता तांदूळ मागंल बघा." आणि मग सगळ्याच रडायला लागल्या. शिवाप्पानं स्वतःच मठाचं विमान बाजूला केलं.

उचलायच्या आधी अण्णा पुढं आला. खाली वाकून त्यानं वहिनींकडं बघितलं. आयुष्यभर हजारो माणसांकडं बघितलं तसं, कमरेपासून, पाठीवरनं, खांद्यापर्यंत. त्यानं तोंड उघडलं. मला माहीत होतं तो काय विचारणार. पण त्याला काहीतरी आठवलं असावं. तोंड तसंच मिटलं आणि तो मागं सरला.

आमच्यात विमानातलं काही घरी परत आणत नाहीत. खुर्ची तिकडंच राहिली.

यालाही आता बरेच दिवस झाले. कारखाना चालू आहे. परवा पुण्याचा एक आर्किटेक्ट आला होता, तांबड्या काड्यांचा चष्मा लावलेला. मी कामाशिवाय अण्णाकडं जाऊन बसतोच, तसा तिथं होतो. अण्णा मधल्या दारालगत भुईवर बसून पट्टी घासत होता. आर्किटेक्ट हिंडत हिंडत दाराशी आला आणि थबकला. तिथं चौकटीपुढं शिसवीचे चार कापलेले पाय उभे आहेत. चार कोपऱ्यांना चार. वर बैठक नाही, पाठ नाही, काही नाही. मध्ये नुसती शेणानं सारवावी तशी घासून स्वच्छ केलेली भुई, आणि त्या भुईवर उन्हाची पट्टी.

"ग्रेट!" आर्किटेक्ट म्हणाला. "खुर्चीच काढून टाकलीत! हे मला द्या. पण अण्णा, यावर बसायचं कसं?"

"रिकामं बघा," अण्णा म्हणाला.

पूर्वी हे तो छाती फुगवून म्हणायचा. आता वरसुद्धा बघितलं नाही. आर्किटेक्टनं डोळे बारीक करून बघितलं, मान डोलावली, फोटो काढायला फोन वर केला. मग त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, फोन खिशात ठेवला आणि बाकीच्या खुर्च्या न बघताच गेला.

अण्णानं पट्टी खाली ठेवली. "कसं काय, दिनू?" त्यानं विचारलं.

हल्ली तो सगळ्यांना हेच विचारतो. गावातल्या चार माणसांसारखं. त्या दिवसापासून 'बसता कसं' त्यानं कुणालाही विचारलेलं नाही.

"बरं हाय," मी म्हणालो आणि त्याच्याजवळ सरकून भुईवर बसलो. पाठ दाराकडं झाली, उन्हाची पट्टी झाकली गेली. काहीतरी मोठं, खोटं, हसायला येईल असं सांगावं म्हणून मी घसा खाकरला. अण्णानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"गड्या," तो हळूच म्हणाला, "उजेड सोड."